नायट्रिक ऑक्साइडच्या संशोधनाची सुरुवात: महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ग्रीस चाचणी कशी करावी

रत्नागिरी, चिपळूण किंवा सावंतवाडीला जीवरसायनशास्त्र शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्याला नायट्रिक ऑक्साइड आणि ते तयार करणाऱ्या विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, पुढे संशोधन करायचे आहे, त्याने महागड्या उपकरणांची वाट पाहत बसू नये. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या या रेणूवरील कामासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ऊतींमध्ये हा वायू काही सेकंदच टिकतो, त्यामुळे अनेक प्रयोगशाळा त्याच्यापासून बनणारे नायट्राइट मोजतात, आणि त्यासाठीची ग्रीस चाचणी, म्हणजे नायट्राइट असल्यास गुलाबी रंग देणारी रासायनिक चाचणी, साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे रंगाचे प्रकाशशोषण मोजणाऱ्या यंत्रावर, करता येते.

प्रथम ५ टक्के फॉस्फोरिक आम्लात १ टक्का सल्फॅनिलामाइडचे द्रावण करावे आणि पाण्यात ०.१ टक्का नॅफ्थिल एथिलीनडायअमाइन डायहायड्रोक्लोराइडचे दुसरे द्रावण करून ते गडद बाटलीत ठेवावे. सोडियम नायट्राइट ओलावा धरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हा दोष हमखास आढळतो. म्हणून ते ओव्हनमध्ये वाळवून, डेसिकेटरमध्ये थंड करूनच तोलावे. ६९ मिलिग्रॅम एका लिटरमध्ये विरघळवले की १ मिलिमोलर द्रावण मिळते, त्यावरून १ ते १०० मायक्रोमोलरपर्यंतची प्रमाण द्रावणे करावीत. हे रसायन विषारी आहे, तेव्हा हातमोजे घालावेत आणि तोंडाने पिपेट ओढू नये. नमुना आणि पहिले द्रावण समान घेऊन दहा मिनिटे अंधारात ठेवावे, तेवढेच दुसरे द्रावण घालून पुन्हा दहा मिनिटे थांबावे आणि गुलाबी रंगाचे शोषण ५४० नॅनोमीटरवर अर्ध्या तासाच्या आत मोजावे.

नमुना म्हणून रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीचे पाणी घेता येते. पाणी गाळून घ्यावे आणि प्रमाण द्रावणेही तेवढ्याच खारट पाण्यात करावीत. मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फ सहज मिळतो, पण तो बाटलीच्या बाहेरच राहील याची काळजी घ्यावी, कारण बर्फाच्या पाण्यातही नायट्राइट असू शकते. उन्हात राहिलेल्या नमुन्यात जीवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि मग आकडा फुगतो.

इथेच या विषयातील खरी कसोटी सुरू होते. रंग आला म्हणजे नायट्राइट आहे एवढेच सिद्ध होते. ते प्राण्याच्या विकरानेच तयार केले, हे त्यातून सिद्ध होत नाही. समजा, कालवांच्या रक्तपेशी घेऊन हे काम करायचे आहे. शिंपलावर्गीय प्राण्यांच्या रक्तपेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात हे ज्ञात असले, तरी कालवांच्या अंगात जीवाणूही असतातच. म्हणून पेशींशिवायचा नमुना, पेशींसह नमुना, एल-नेम हे नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराचे काम रोखणारे अवरोधक घातलेला नमुना आणि त्याचे निष्क्रिय जुळे रूप डी-नेम घातलेला नमुना, असे चारही एकाच दिवशी मोजावेत. एल-नेमने नायट्राइट घटले आणि डी-नेमने घटले नाही, तरच नायट्रिक ऑक्साइड सिंथेजबद्दल, म्हणजे हा वायू बनवणाऱ्या विकराबद्दल, बोलण्यास आधार मिळतो. माझ्या मते या चार नळ्यांवर घालवलेला वेळ कोणत्याही नव्या उपकरणापेक्षा अधिक शिकवतो.

शुद्ध विकरावर काम करताना आणखी एक अडचण येते. हे विकर आर्जिनिनपासून सिट्रुलिन आणि नायट्रिक ऑक्साइड बनवते, आणि त्यासाठी त्याला ऑक्सिजन व एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) लागतात. मात्र उरलेले एनएडीपीएच ग्रीसचा रंग दाबते. त्यामुळे मोजण्याआधी पायरुव्हेट आणि लॅक्टेट डिहायड्रोजिनेज घालून ते संपवावे. नमुन्यात हिमोग्लोबिन असेल तर बराचसा नायट्रिक ऑक्साइड थेट नायट्रेट होतो, जो ही चाचणी पकडत नाही. अशा वेळी नायट्रेट रिडक्टेजने त्याचे आधी नायट्राइट करून घ्यावे लागते.

एवढे काम हातात बसले की विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा, किंवा पुण्याच्या आयसर अथवा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एखाद्या शास्त्रज्ञांना पत्र लिहावे, आणि पत्रासोबत आपला प्रमाण आलेख व त्या चार नळ्यांची नोंद जोडावी.