थारला लिफ्ट आणि मोठे टायर टाकण्याआधी (स्टेपनीसकट!)

गेल्या आषाढात हर्षेवाडीच्या अलीकडे, भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर माझ्या थारचा पुढचा टायर फाटला. काळ्या खडकाची धार लागली, बाकी काही नाही. टायर बाजूने फाटला की पंक्चर काढून भागत नाही, स्टेपनीच लागते. स्टेपनी होती, पण कंपनीची मूळची, २४५/७५ आर १६. खाली चारही नवे २६५/७५ आर १६. कागदावर वीस मिलिमीटर रुंदीचा फरक दिसतो, पण व्यास ७७४ वरून ८०४ मिलिमीटरवर जातो. वाटेवर चिखलाचा पातळ थर आणि खाली घट्ट पाषाण. असं एक चाक आखूड ठेवून फोर-हाय (चारही चाकांना इंजिनाचा जोर) टाकायची माझी छाती झाली नाही, घट्ट जमिनीवर पुढची-मागची चाकं एकमेकांशी ओढाताण करतात. टू-हायवर (फक्त मागच्या चाकांच्या जोरावर) पन्नास फूट गेलो आणि बसलो. ट्रॅक्टर घेऊन आलेल्या बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "दादा, बैलांच्या जोडीत वासरू जुंपलंय का?"

म्हणून पहिली गोष्ट, आणि ही मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: टायर चार नाही, पाच घ्यायचे. बजेट पाचाचं धरा. पाचाचं बसत नसेल तर साइज खाली आणा, स्टेपनी कापू नका.

आता क्रम. लोक आधी लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) घेतात आणि मग त्यात कोणता टायर मावतो ते बघतात. उलटं करा. आधी टायर ठरवा, मग त्याला लागेल तेवढीच लिफ्ट. आणि टायर ठरवण्याआधी आपण खरंच कुठे जातो ते स्वतःशी कबूल करा. रविवारी गंगापूर बॅकवॉटर, पावसात वैतरणा नि इगतपुरीची बाजू, वर्षात एकदा भंडारदरा, एवढंच असेल तर ३२-३३ इंचाची हौस कशाला? २६५/७५ आर १६ साडेएकतीस इंचाच्या जरा वर भरतो, आपल्याला पुष्कळ झाला. एक गैरसमजही काढून टाका. लिफ्टने बॉडी उचलली जाते, मागच्या एक्सलचा डिफरन्शियल (मधला गियरचा गोळा) जिथल्या तिथेच राहतो. तो फक्त टायरने वर येतो, तोही व्यासाच्या फरकाच्या निम्म्याने, म्हणजे माझ्या बाबतीत पंधरा मिलिमीटर. दगडाला घासणारी वस्तू तीच असेल तर चार इंचांची लिफ्ट टाकूनही घासणारच.

लिफ्ट कोणती? स्वस्तातला मार्ग म्हणजे स्पेसर, मध्ये घालायची जाड चकती. नव्या थारला पुढे डबल विशबोन (वर-खाली दोन आर्मवर तोललेलं चाक) आहे, तिथे शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर बसतो. लक्षात ठेवा, एक इंचाचा स्पेसर म्हणजे चाकापाशी एक इंच नव्हे, त्याहून बराच जास्त, कारण शॉकअप आर्मच्या मध्येच कुठेतरी बसलेला असतो. दुकानदार "दोन इंच" म्हणाला तर स्पेसरची जाडी दोन इंच की चाकापाशी दोन इंच, हे स्पष्ट विचारा. स्पेसरने सस्पेन्शनची चाल वाढत नाही, गाडी नुसती उंच उभी राहते. चाल हवी असेल तर कॉइल (स्प्रिंग) आणि शॉकअप जोडीने बदला, आणि पुढे विंच किंवा लोखंडी बंपर लावायचा विचार असेल तर कॉइल घेतानाच सांगा, नाहीतर तो बसला की गाडी पुन्हा नाक टेकते. जुनी थार असेल तर हिशेबच वेगळा, पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आणि मागे पाटे. बार आवळून गाडी फुकटात उंच होते म्हणून पिळत बसू नका, गाडी लाकडासारखी कडक होते. नव्या थारच्या पुढच्या बाजूला मी दोन इंचांच्या वर जाणार नाही. त्यापुढे चाकाकडे जाणाऱ्या एक्सलचा कोन इतका तिरका होतो की आधी रबरी बूट फाटतात, मग चिखल आत जाऊन जॉइंटच बोंबलतो. बॉल जॉइंटचंही तेच.

मापं घेताना गॅरेजच्या सपाट फरशीवर गाडी उभी करून "बसतोय की!" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. सपाटीवर सगळंच बसतं. एक पुढचं चाक ओंडक्यावर चढवा, दुसरं लटकू द्या, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. रिव्हर्समध्येही. लिफ्ट असो नसो, खड्ड्यात स्प्रिंग दबली की चाक बंप स्टॉपला (वरची चाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत वर येणारच, आणि तेव्हा मोठा टायर मडगार्डच्या आतल्या लायनरला खातो. म्हणून बंप स्टॉपची उंचीही त्या हिशेबाने वाढवावी लागते. लटकलेल्या चाकाच्या ब्रेकच्या नळीकडे हात घालून बघा. ती ताणलेली लागली तर गाडी तिथून हलवू नका, लांब नळी टाकून घ्या. अलॉय बदलणार असाल तर ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते) बघा. चाक जितकं बाहेर येतं तितका वळताना त्याचा फेरा मोठा, आणि बंपरचा कोपरा जातो.

आणि याच वेळी, त्याच दिवशी, पाचवा टायर मागच्या दारावर बसवून बघा. खाली बंपरला टेकतो का? दार नीट मिटतं का? वजन वाढलं की बिजागऱ्या कुरकुरतात, ब्रॅकेटचे नट तपासा. रिमचा ऑफसेट बाकीच्या चारांचाच हवा. मागे लॉकिंग डिफरन्शियल (दोन्ही चाकं एकत्र बांधणारा) असेल तर एका एक्सलवर दोन मापांचे टायर म्हणजे तो बिचारा सरळ रस्त्यावरही कायम झुंजत राहणार. एकदा पाच झाले की रोटेशनही (चाकांची अदलाबदल) पाचांचं करा, नाहीतर दोन वर्षांनी स्टेपनी नवी कोरी आणि बाकी चार झिजलेले, म्हणजे फरक परत आलाच.

जॅक. हा स्टेपनीचाच भाऊ. लिफ्टनंतर चासी वर जाते, चाक जास्त लटकतं, टायरही मोठा. मूळचा जॅक पूर्ण उघडला तरी माझं चाक जमीन सोडेना. शेवटी बांधाचे दोन चपटे दगड खाली घातले, तेही भीतभीत. तसलं करू नका. जाड फळीचे दोन तुकडे गाडीतच ठेवा, किंवा उंच जॅक घ्या.

कागदपत्रांचं कंटाळवाणं आहे, पण वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर एकेका बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी आपल्या सातपूरच्या कारखान्यातलीच असली तरी वॉरंटीवाला ओळख दाखवणार नाही. विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी लिफ्ट हेच निमित्त होतं. हे सगळं नको असेल तर मूळ मापातलाच चांगला ऑल-टेरेन (रस्ता-चिखल दोन्हीला चालणारा) टायर घ्या. मित्राने तेच केलंय आणि तो मला अजून हसतो.

बाकी पटापट. काम झालं की अलाइनमेंट. हेडलाइट खाली करा, कसाऱ्यात समोरचे शिव्या देतात. स्पीडोमीटर आता साधारण चार टक्के कमी दाखवणार, ८० म्हणजे खरे ८३. बिल्डिंगच्या पार्किंगचा बीम मोजा, दोन इंचांची लिफ्ट आणि हे टायर मिळून उंची सुमारे ६५ मिलिमीटर वाढते. पाचशे किलोमीटरनंतर सगळे नटबोल्ट पुन्हा आवळून घ्या. ब्रेकला जरा आधी पाय.

आणि त्र्यंबक रस्त्याला लागण्याआधी घराच्या कंपाउंडमध्येच एक चाक काढून स्टेपनी लावून बघा, तोच जॅक, तोच पाना, तीच फळी. अर्धा तास जातो. स्टेपनीत हवा बघितली का?