घरच्या नासमध्ये ४ टीबीच्या जागी ८ टीबीच्या डिस्क कशा टाकायच्या, डेटा न गमावता

नासवर, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या फाइल सर्व्हरवर, जागा संपत आली की सगळे आधी मोठी हार्ड डिस्क शोधायला लागतात, पण खरी काळजी घ्यायची असते ती डिस्क बदलतानाच्या काही तासांची. मिररमधली, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा असलेल्या जोडीतली, एक डिस्क बाहेर काढली की रिपेअर (नवीन डिस्कवर डेटा परत उतरवणं) पूर्ण होईपर्यंत लग्नाचे फोटो, मुलांचे व्हिडिओ, स्कॅन करून ठेवलेली कागदपत्रं सगळं एकाच जुन्या डिस्कवर असतं, आणि नेमकं त्याच वेळी ती डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाचली जाते, म्हणजे कुठे खराब सेक्टर असेल तर तो तेव्हाच समोर येणार. म्हणून खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं डिस्कला हात लावायच्या आधीचंच आहे.

उदाहरण म्हणून सिनॉलॉजीचा दोन डिस्कचा नास घेतलाय, एसएचआर किंवा रेड १ (RAID 1) या मिरर ठेवणाऱ्या पद्धतीवर चालणारा, आत ४ टीबीच्या दोन डिस्क. मेनूची नावं डीएसएम ७ या सिनॉलॉजीच्या ऑपरेटिंग सिस्टममधली आहेत.

आधी जागा खरंच संपलीय का ते बघा

शेअर्ड फोल्डरची रीसायकल बिन चालू असेल तर डिलीट केलेल्या फाइल तिथेच पडून असतात. आणि स्नॅपशॉट (फाइलींची त्या त्या वेळची जपलेली स्थिती) लावले असतील तर बिन रिकामी केली तरी जागा सुटत नाही, जुने स्नॅपशॉट जाईपर्यंत. कधीकधी एवढ्यानेच बरंच काम होतं.

बॅकअप

हे टाळू नका प्लीज. रेड म्हणजे बॅकअप नाही, चुकून फोल्डर उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी उडतं. बाहेरची यूएसबी डिस्क लावा, सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअप ॲपने सगळं घ्या, आणि झाल्यावर त्यातल्या चार-पाच फाइल परत काढून उघडून बघा, एखादा मोठा व्हिडिओ पण, कारण उघडून न बघितलेल्या बॅकअपवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

मग जुन्या डिस्कची तब्येत. स्टोरेज मॅनेजरमध्ये दोन्ही डिस्कवर स्मार्टची (डिस्कची स्वतःची तब्येत तपासणारी सोय) एक्स्टेंडेड टेस्ट लावा, रात्रभर चालू दे. टेस्ट झाली की ५, १९७ आणि १९८ या नंबरच्या ओळी बघायच्या, म्हणजे रीअलोकेटेड, पेंडिंग आणि अनकरेक्टेबल सेक्टर. तिन्ही शून्य असतील तर उत्तम. एका डिस्कवर आकडे दिसत असतील तर आधी तीच काढायची, चांगली आत राहू द्यायची, हा क्रम फार महत्त्वाचा आहे. व्हॉल्यूम (नासमधली फाइल राहायची जागा) बीटीआरएफएस या फाइल सिस्टमवर असेल तर डेटा स्क्रबिंग, म्हणजे साठवलेला डेटा वाचून चुका शोधणं, पण एकदा चालवून घ्या.

डिस्क घेताना

सीएमआर डिस्कच घ्या, त्यात ट्रॅक एकमेकांवर चढलेले नसतात. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, त्यामुळे एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचे पण परत लिहावे लागतात आणि रिपेअरसारख्या मोठ्या कामात डिस्क अक्षरशः रांगायला लागते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या साध्या रेड (Red, वरच्या रेड १ शी याचा संबंध नाही) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं होतं, मग कंपनीने सीएमआरवाल्यांना रेड प्लस हे वेगळं नाव दिलं. तेव्हा बॉक्सवर नुसतं रेड आहे की रेड प्लस हे नीट वाचा. सीगेटची आयर्नवुल्फ सीएमआरच असते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन, सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसतेय ना हे लगेच तपासा, बाहेरून आलेला माल स्वस्त पडतो पण इथे वॉरंटी मिळेलच असं नाही.

शक्य असेल तर नवीन डिस्क नासमध्ये टाकायच्या आधी यूएसबी डॉकने कॉम्प्युटरला लावून टेस्ट करा. डॉकमधून स्मार्ट दिसत नसेल तर विंडोजमध्ये क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट मारा, म्हणजे प्रत्येक सेक्टरवर एकदा लिहून होतं. ८ टीबीला १२-१५ तास सहज जातात, जाऊ दे.

आता अदलाबदल

लाईट जाण्याचा भरवसा नाही, त्यामुळे यूपीएस हवाच, आणि त्याची यूएसबी केबल नासला लावून कंट्रोल पॅनलमध्ये यूपीएस सपोर्ट चालू करा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत नास स्वतःहून थांबतो.

१. स्टोरेज मॅनेजरमध्ये जी डिस्क काढायचीय ती निवडून डीॲक्टिव्हेट करा. कुठल्या खणातली ते दोनदा बघा. बीप वाजायला लागेल, घाबरू नका, बंद करता येतो.

२. बाहेरून ट्रे ओढता येत असेल तर चालू नासमधूनच डिस्क निघते. नावाच्या शेवटी इंग्रजी j अक्षर असलेली स्वस्तातली मॉडेल, ज्यांचं कव्हर उघडावं लागतं, ती आधी शटडाउन करा.

३. जुनी डिस्क काढली की तिच्यावर तारीख आणि खण क्रमांक लिहून बाजूला ठेवा. ती पुसू नका, तिच्यावर त्या क्षणापर्यंतचा सगळा डेटा आहे.

४. नवीन डिस्क घाला, स्टोरेज पूलच्या (दोन्ही डिस्क मिळून झालेल्या साठ्याच्या) मेनूतून रिपेअर निवडा, नवीन डिस्कवर खूण करा. ७-८ तास धरून चाला, वापर चालू असेल तर अजून जास्त, तेवढा वेळ घरच्यांना मोठ्या फाइल टाकू नका म्हणून सांगून ठेवा.

५. पूल परत हेल्दी दिसल्यावरच दुसऱ्या डिस्कला हात लावा आणि हेच सगळं परत करा.

पहिल्या डिस्कनंतर जागा काहीच वाढलेली दिसत नाही आणि बरेच जण इथे गडबडतात. मिररमध्ये लहान डिस्क जेवढी तेवढीच जागा मिळते, दुसरी बदलल्याशिवाय वाढणार नाही. दुसरीचं रिपेअर झालं की पूल वाढतो, आणि व्हॉल्यूम आपोआप वाढला नाही तर व्हॉल्यूमच्या मेनूत एक्सपांड करून मॅक्स निवडायचं. पूर्ण ८ दिसणार नाही, डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात आणि नास १०२४ च्या, त्यामुळे ८ टीबीचे ७.२८ होतात, त्यातून सिस्टमचं थोडं जाऊन ७ च्या आसपास.

जुन्या डिस्क महिनाभर तरी तशाच ठेवा. नंतर चांगली असेल ती बाहेरच्या केसमध्ये घालून दुसऱ्या बॅकअपसाठी वापरा आणि भावाबहिणीच्या घरी ठेवा, म्हणजे एक कॉपी घराबाहेर राहते. विकणार असाल तर क्विक फॉरमॅट पुरत नाही, डेटा परत काढता येतो, सिक्युअर इरेज, म्हणजे सगळी डिस्क पुसून, मगच द्या. आणि नासमध्ये दर महिन्याला स्मार्ट टेस्ट आणि ८० टक्के भरल्यावर मेल यायची सेटिंग आत्ताच करून टाका, पुढच्या वेळी डिस्क घ्यायला घाई होणार नाही.