बर्ड फ्लूच्या निगराणीला उतरताना: विष्ठा कोणाची ते आधी बघा

जिवंत पाणपक्षी पकडून स्वॅब घ्यायचा तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. ओळखीवर भागवू नका. म्हणूनच नवखे बहुधा ताज्या विष्ठेपासून सुरुवात करतात, आणि हंगाम वाया जातो तो तिथेच.

विष्ठा कोणाची हे ठाऊक नसेल तर नमुना घेऊच नका. गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावर स्थलांतरित तलवार बदकांच्या थव्यालगत बारमाही अडया (इथलीच बदके) बसतात आणि बांधावर बगळे, पाणकावळे. ऊन चढल्यावर बांधावरचे पांढरे डाग गोळा केले की बगळ्याचा नमुना ‘स्थलांतरित बदक’ म्हणून नोंदला जातो. अहवाल निगेटिव्ह येतो आणि तळे सुरक्षित असल्याचा गैरसमज पसरतो. अहवाल नसता तर निदान तेवढा तरी टळला असता.

म्हणून उजाडण्यापूर्वी पोहोचा. चिखलावर बसलेला एकाच जातीचा थवा दुर्बिणीतून हेरा, जागेची खूण धरा, थवा आपणहून उठेपर्यंत थांबा. हुसकावू नका. ओली, चकाकणारी विष्ठाच उचला, कारण ऊन आणि कोरडेपणा विषाणू निकामी करतात. दोन नमुन्यांत अंतर राखा, नाहीतर एकच पक्षी दोनदा मोजला जाईल. चोडण बेटावर जाताना भरती-ओहोटीची वेळ बघा. भरतीने धुतलेल्या चिखलात हाती काही लागत नाही. या कामात गुरू करायचा तर आधी पक्षी अचूक ओळखणारा स्थानिक माणूस करा, प्रयोगशाळेतला तज्ज्ञ नंतर.

स्वॅब पॉलिएस्टरचा, प्लास्टिकच्या दांडीचा हवा. कापूस आणि लाकूड पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणू शोधणाऱ्या चाचणीत, अडथळा आणतात. टोक माखेल एवढीच विष्ठा घ्या, जास्त झाली तर तीही चाचणी बिघडवते. दांडी मोडून स्वॅब व्हीटीएमच्या (विषाणू टिकवणाऱ्या द्रवाच्या) कुपीत सोडा, कुपी लगेच 4 अंशांवर. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत नमुने लवकर पोचणार नसतील तर उणे 70 किंवा त्याखाली ठेवा. साध्या फ्रीजरचे उणे 20 हा सर्वांत घातक शॉर्टकट आहे.

निगेटिव्ह अहवालांनी खचू नका. शंभरांत एका पक्ष्याला लागण असेल, तर 95 टक्के खात्रीने ती सापडायला सुमारे 300 नमुने लागतात. वीस नमुन्यांवरून ‘गोव्यात रोग नाही’ असे कधीच म्हणू नका. पण जात, जागा, वेळ नोंदवलेले वीस पुढच्यांच्या तीनशेत धरले जातात.

मेलेल्या पक्ष्याकडे मात्र दुर्लक्ष नको. हिमाचलातल्या पाँग जलाशयावर 2021 च्या जानेवारीत एच5एन1 हा बर्ड फ्लूचा विषाणू उघड झाला तो मेलेल्या पट्टकादंबांमुळे (स्थलांतरित हंसांमुळे). उघड्या हाताने उचलू नका, कापू तर मुळीच नका. पशुसंवर्धन खात्याला कळवा. एच5एन1 मध्ये विषाणू घशात बहुधा जास्त सापडतो, त्यामुळे नुसत्या गुदद्वाराच्या स्वॅबवर विसंबू नये.

घरी गावठी कोंबड्या असतील तर निदान तीन दिवस खुराड्यात जाऊ नका. गमबुटांचा चिखल आधी साबणाने धुवा, मग जंतुनाशक. चिखलावर ओतलेले हायपोक्लोराइट फुकट जाते. दहा दिवसांत ताप, खोकला किंवा डोळे लाल झाले तर पक्ष्यांशी संपर्क आल्याचे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.