तुळशीची कुंडी आणि वहीतलं एक वाक्य

ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी मी आठवी-नववीच्या मुलांकडून इलेक्ट्रॉनिक्सचे छोटे प्रोजेक्ट करून घेते. असं काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

पहिल्या वर्षी मी विचारायचे, ‘काय बनवायचंय?’ उत्तरं ठरलेली: रोबोट, ड्रोन, स्मार्ट शेती. महिनाभरात अर्धी मुलं गळायची. आता विचारते, ‘घरात काय अडतं?’ एक मुलगा म्हणाला, ‘मे महिन्यात आम्ही गावी जातो आणि आजीची तुळस वाळते.’ माती सुकली की पंपाने आपोआप पाणी द्यायचं, असं उद्दिष्ट मिळालं, तारीखही मिळाली.

तरी एका दमात होण्यासारखं ते नव्हतं. पहिल्या दोन शनिवारांपुरतं त्याने वहीत लिहिलं: ‘माती कोरडी झाली की एलईडी लागला पाहिजे.’ वाक्य असंच हवं; झालं की नाही, ते आजीलाही नुसतं बघून सांगता यावं. ‘सेन्सर शिकणे’ असं लिहिलं तर ते कधी पूर्ण झालं हे कोणालाच कळत नाही.

मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर आम्ही आर्डुइनो उनोला जोडला; हा कोड लिहून चालवता येणारा छोटा बोर्ड. कमी-जास्त होणारा व्होल्टेज मोजणाऱ्या अ‍ॅनालॉग पिनवरचं रीडिंग तो ० ते १०२३ मध्ये दाखवतो. कोरड्या आणि भिजलेल्या मातीचे आकडे त्याने स्वतः घेतले आणि ‘माती कोरडी’ ठरवायला मधला आकडा निवडला. पंप मात्र तो थेट पिनला जोडायला निघाला होता. उनोची पिन ४० मिलिअँपिअरच्या वर सोसत नाही, मध्ये रिले, म्हणजे छोट्या विजेवर चालणारा स्विच, लागतो. असल्या गोष्टी आधीच सांगा, बोर्ड जाळून शिकायला लावू नका.

पुढे रीडिंग भरकटलं. सेन्सरच्या पट्ट्या गंजल्या होत्या. ओल्या मातीत सतत वीज वाहिली की असं होतं. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवा सेन्सर आणला आणि इथेच मी चुकले. रीडिंग घेण्यापुरतीच सेन्सरला वीज मिळेल असा कोड रात्री बसून मीच लिहिला. शनिवारी चालणारा पंप पाहून तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘ताई, हा तुमचा झाला.’

मी माझा कोड पुसला. त्याला तेच करायला दोन शनिवार लागले आणि गाडीची तारीख आठवड्यावर आली. मग डिस्प्ले गाळला, मोबाइलवर मेसेज येणार होता तोही गाळला. उरलं एवढंच: तीन दिवस हात न लावता कुंडी ओली राहिली पाहिजे. तारीख पुढे ढकलण्यापेक्षा काम कमी करा. हे मुलांना लगेच पटतं.

डब्यातलं पाणी दुसऱ्याच दिवशी संपलं. मी पोचले तेव्हा वहीत पुढचं वाक्य लिहून तयार होतं: ‘पाणी संपायच्या आधी कळलं पाहिजे.’