पाणथळीतले लव्हाळे ओळखताना या चुका टाळा

तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठावरील वनस्पतींच्या ज्या हौशी याद्या माझ्याकडे तपासणीसाठी येतात, त्यांत एक दोष हटकून आढळतो: गोल दांड्याची आणि पाने नसल्यासारखी दिसणारी कोणतीही हिरवी काडी ‘जुंकस’ (लव्हाळ्यासारखी दिसणारी, पण वेगळ्या कुलातील प्रजाती) म्हणून नोंदवलेली असते. त्रिकोणी दांडा म्हणजे सायपरेसी (नागरमोथ्याचे) कुल आणि गोल दांडा म्हणजे जुंकस, हा नियम नवशिके पहिल्याच दिवशी पाठ करतात व पुढे काही पाहण्याची गरज त्यांना वाटत नाही. वास्तविक सायपरेसी कुलातील एलिओकॅरिस आणि शीनोप्लेक्टस या प्रजातींच्या अनेक जातींचा दांडा गोलच असतो. जुंकस ही मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशांतील प्रजाती असून महाराष्ट्रात तिच्या जाती मोजक्याच आहेत. म्हणून खानदेशाच्या सपाटीवरून तिची नोंद करण्यापूर्वी फळ हाती असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

यावल तालुक्यातील एका गावतळ्याची अशीच यादी आली होती. दांड्याच्या बाजूला फुटलेला तपकिरी झुबका छायाचित्रात स्पष्ट दिसत होता आणि जुंकसच्या काही जातींतही फुलोरा असाच बाजूला दिसत असल्यामुळे यादी करणारी मुले आपल्या म्हणण्यावर अडून बसली. त्यांना घेऊन मी तळ्यावर गेलो आणि एक दांडा ब्लेडने उभा चिरला, तेव्हा आत आडवे पडदे दिसले. परंतु जुंकसच्या काही जातींच्या पानांतही असे पडदे असल्यामुळे तेवढ्यावर निकाल देता येत नाही. झुबक्यातील कणिशके (बारीक कणसे) भिंगाखाली उलगडल्यावर मात्र प्रत्येक तुसाच्या आड एकच टणक, एकबीजी फळ निघाले. जुंकसच्या फुलाला सहा परिदले (पाकळ्यांसारखी दले) असतात आणि त्याच्या लहानशा बोंडात अनेक बारीक बिया असतात. झुबक्याच्या वर सरळ गेलेला जो भाग मुलांनी दांडा मानला होता, तो प्रत्यक्षात छद (फुलोऱ्याच्या बुडाशी येणारे पान) होता आणि ती वनस्पती शीनोप्लेक्टस आर्टिक्युलेटस ही होती. हे सारे पाहायला अर्धा तासही लागला नाही. तो वेळ आधीच दिला असता तर यादी दुरुस्त करावी लागली नसती.

दुसरी चूक हंगामाची आहे. परीक्षा संपल्यावर, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, सर्वेक्षणाला निघण्याची प्रथा मला मुळीच मान्य नाही, कारण तोपर्यंत आपली बहुतेक लहान तळी आटलेली असतात आणि वाळलेल्या काड्यांवर फळ उरलेले नसते. मी भाद्रपद ते कार्तिक या काळातच जातो.

केवळ शेंड्याचे छायाचित्र घेऊ नये. नागरमोथ्याचे सुगंधी कंद आणि एलिओकॅरिसची पातेविरहित आवरणे बुडाशीच दिसतात. त्यामुळे चिखलात हात घालण्याची तयारी नसलेल्याने या गटाच्या वाटेला जाऊ नये.

फोनमधील ॲपने सुचवलेले नाव तपासल्याशिवाय यादीत लिहू नये.

फुलोऱ्याआधी पाणकणीस आणि नळ (पाण्याकाठचे उंच गवत) यांची गल्लत होते. पाणकणसाची पाने बुडापासून निघतात व आतून हवेच्या पोकळ्यांनी भरलेली असतात. नळाला पेरे असतात आणि पाने दांड्यावर एकाआड एक लागतात.

अधिवासाच्या रकान्यात नुसते ‘पाणथळ जागा’ लिहिणे हा मला सर्वांत खटकणारा आळस आहे. हतनूर धरणाच्या फुगवट्याचा काठ, सांडपाणी साचलेला गावाबाहेरचा खड्डा आणि केळीच्या बागेतील ओलसर बांध ही तीन पूर्णपणे वेगळी ठिकाणे आहेत: सांडपाण्यात पाणकणीस माजते, तर नागरमोथ्याला साचलेल्या पाण्याची गरजच नसते. मी काठी बुडवून पाण्याची खोली मोजतो आणि पाणी वाहते की साचलेले, तळाशी काळी माती आहे की वाळू, तसेच ते पाणी कोणत्या महिन्यात आटते हे जवळच्या शेतकऱ्याला विचारून नमुन्याच्याच कागदावर तारखेसह लिहितो. घरी आल्यावर आठवणीने भरलेला रकाना मी ग्राह्य धरत नाही.