फौजेतला विनोद आणि जेंडर यावर रिसर्च करायचाय? मग हे वाचाच

विषय सांगितला की पहिला प्रश्न येतो, जोक्सवर कसला रिसर्च? अहो भरपूर होतो. चोवीस तास एकत्र राहणाऱ्या माणसांत कोण आपलं आणि कोण बाहेरचं हे ऑर्डरपेक्षा मस्करीतच जास्त ठरतं.

वाचायला सुरुवात समाजशास्त्रज्ञ रोझ कोसरच्या १९६० च्या अभ्यासाने करा. तो हॉस्पिटलमधल्या मीटिंगांवर आहे, फौजेवर नाही, पण सीनियर-ज्युनियर तिथेही आहेच. १०३ विनोदांपैकी ९९ पुरुषांचे, बायकांचे फक्त ४, आणि सीनियरच्या विनोदाचा रोख बहुतेक वेळा ज्युनियरवर. मग दुसरी समाजशास्त्रज्ञ, रोझाबेथ कँटर, तिचं १९७७ चं पुस्तक. ग्रुपमधे बाई एकटीदुकटीच असली की बायकांवरच्या जोकला ती हसते का यावर तिची निष्ठा तपासली जाते, हे तिने कंपनीत पाहिलं, मला ते युनिफॉर्ममधे जसंच्या तसं दिसलं.

एका महिला ऑफिसरने चारचौघांत स्वतःच्या टोपणनावाचा किस्सा खूप रंगवून सांगितला, सगळे हसले, तीही हसली. नंतर एकटी भेटली तेव्हा तोच किस्सा सपाट आवाजात सांगितला आणि म्हणाली, "तेव्हा हसले नसते तर 'हिला मस्करी झेपत नाही' हा शिक्का बसला असता, आणि तो बदली झाली तरी सोबत येतो." म्हणून ग्रुपमधे ऐकलेलं एकट्यात परत विचाराच. वहीत नुसता जोक लिहू नका, कोणी केला, कोणावर, दोघांची रँक काय, आधी कोण हसलं, कोण इकडेतिकडे बघून मग हसलं, हे सगळं त्याच दिवशी उतरवा.

आणि जेंडर म्हणजे फक्त बायका नाही हं. प्लाटूनमधे एकही मुलगी नसताना "पोरींसारखा काय धावतोस" म्हणून रिक्रूटला हिणवतात, तेही तुमचंच मटेरियल आहे.

पण सगळी मस्करी म्हणजे छळ असं ठरवून जाऊ नका. जखमी माणसं हाताळून आलेल्या मेडिकल टीममधल्या बायका जे काळे विनोद करतात ते बाहेरच्याला भयानक वाटतील, त्यांना मात्र त्यानेच दुसऱ्या दिवशी उभं राहता येतं.

परमिशनचं नीट बघा. कमांडिंग ऑफिसर हो म्हणाला म्हणजे शिपाई हो म्हणाला असं होत नाही, प्रत्येकाला वेगळं विचारा, सीनियर समोर नसताना. युनिटमधे बाई एकच असेल तर नाव बदलून भागत नाही, रँक, ब्रँच, किस्स्याची जागा पण बदला, आणि छापायच्या आधी तिला वाचायला द्या.