दुकानात न पोचलेल्या भयपट-गेमची चिप कशी वाचावी

१९८२-८३च्या सुमारास अमेरिकेत अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या गेम-कन्सोलसाठी भयपटांवर गेम काढायची टूम निघाली होती. ‘हॅलोवीन’ आणि ‘टेक्सास चेनसॉ मॅसकर’ दुकानात पोचले. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा ‘द एन्टिटी’ मात्र नमुन्यापुरताच राहिला. नमुना म्हणजे बहुतेक वेळा उघडा सर्किट बोर्ड, त्यावर काचेची खिडकी असलेली ईप्रॉम (अतिनील किरणांनी पुसता येणारी स्मृती) चिप, आणि खिडकीवर हाताने लिहिलेलं स्टिकर. लिलावातून घेतलेलं असं एखादं पार्सल नागपुरात तुमच्या हाती आलं, तर पहिला मोह होईल तो कन्सोलमध्ये खोचून बघण्याचा. तो आवरा. आधी चिप वाचून फाइल करा, खेळणं नंतर.

पार्सल उघडाल ते सावलीत. ईप्रॉममधली माहिती म्हणजे सिलिकॉनमध्ये कोंडलेला विद्युतभार. अतिनील किरण लागले की तो निसटतो. खिडकी उघडी राहिली तर थेट उन्हात साधारण आठवडाभरात आणि ट्यूबलाइटखाली सुमारे तीन वर्षांत चिप पुसली जाते, असं चिप बनवणाऱ्यांची माहितीपत्रकं (डेटाशीट) सांगतात. गच्चीवर कुरडया वाळतात त्या मे महिन्यातल्या उन्हात तिला दिवसभरही ठेवू नका. जुन्या स्टिकरचा गोंद उष्णतेने सुटतो, तेव्हा आधी फोटो काढा आणि मग त्याच्यावरच काळी इन्सुलेशन टेप लावा. मूळ स्टिकर सोलू नका, कारण त्यावरची तारीख किंवा आद्याक्षरं हाच नमुन्याचा दाखला असतो. कूलरच्या झोतात बसूनही हे काम नको. खोलीतल्या ओलाव्याने स्थिर वीज कमी होते ते चांगलंच, पण थेंब उडतात.

आता चिप. वरचा नंबर बघा: २७१६ म्हणजे २ केबी, २७३२ म्हणजे ४ केबी, दोन्ही २४ पायांच्या. २७६४ म्हणजे ८ केबी आणि २८ पाय. सॉकेटमध्ये बसवलेली असेल तर पातळ पेचकसाने एकदा या टोकाने, एकदा त्या टोकाने, मिलिमीटर-मिलिमीटर उचला. एकाच बाजूने उचकटली की दुसऱ्या टोकाचे पाय वाकतात, आणि चाळीस वर्षांपूर्वीचा काळवंडलेला पाय सरळ करताना तुटतोच. पाय ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खोडरबर नको. चिप थेट सोल्डर केलेली असेल तर काढायच्या भरीस पडू नका. बोर्डाच्या २४ संपर्कांच्या कडेवरून वाचता येते. तिथे ए१२ ही लाइन (ए म्हणजे ॲड्रेस, चिपमधली जागा सांगणाऱ्या लाइनींपैकी एक) ५ व्होल्टला बांधावी लागते, कारण कन्सोल कार्ट्रिजला, म्हणजे त्यात खोचायच्या गेमच्या डबीला, याच लाइनने जागं करतो. ईप्रॉमची निवड-लाइन मात्र उलटी चालते, म्हणून नमुन्याच्या बोर्डावर ७४०४ सारखी छोटी इन्व्हर्टर चिप सहसा दिसते.

वाचायला यूएसबी प्रोग्रामर, म्हणजे संगणकाला जोडून चिप वाचणारं-लिहिणारं यंत्र, लागतो. तो ऑनलाइन मिळेल; सॉकेट, टेप, वायर नागपूरच्या बर्डी बाजारात. सरावासाठी कुठलीही निरुपयोगी २७३२ आधी वाचून बघा.

प्रोग्रामरमध्ये बसवताना चिपवरची खाच नीट जुळवा. चिप उलटी बसली तर ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांची अदलाबदल होते, ती काही सेकंदांत तापते आणि जाते. सॉफ्टवेअरमध्ये नेमका नंबर निवडा, आणि ‘आयडी तपास’ची (चिपमधला ओळख-क्रमांक वाचण्याची) खूण काढून टाका. ही खूण राहिली तर प्रोग्रामर ए९च्या पायावर सुमारे १२ व्होल्ट देतो, आणि जुन्या २७३२ मध्ये आयडीच नसतो. मग फक्त ‘रीड’. ‘प्रोग्राम’च्या बटणाजवळ हात नेऊ नका.

किमान पाच वेळा वाचा, प्रत्येक वेळी वेगळी फाइल, आणि सगळ्यांचा शा-१ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, काढा. पाचही जुळले तर अर्धं काम झालं. फाइलभर एफएफ (म्हणजे सगळे बिट एक) आलं तर चिप कोरी आहे किंवा पाय टेकत नाहीत. दोन्ही अर्धे भाग सारखे आले तर ए११चा पाय टेकत नसेल, किंवा २ केबीची चिप ४ केबी समजून वाचली असेल. सगळ्या फाइलभर एकच बिट अडकलेला दिसला तर तो डेटाचा पाय पुन्हा पुसा.

संपर्क पक्के असूनही वाचनं वेगवेगळी येत असतील, तर चिपमधल्या, एकेक बिट साठवणाऱ्या पेशी अशक्त झाल्या आहेत. यातला एक नियम हाताशी ठेवा: भार गळाला की शून्याचा एक होतो, एकाचा शून्य होत नाही. म्हणून प्रोग्रामरची वाचनाची व्होल्टेज ५ वरून ४.५ वर आणा. भार कमी झालेली पेशी कमी व्होल्टेजला बंद राहते आणि शून्यच वाचली जाते. त्यानंतरही एखादा बिट डळमळत असेल तर पाच वाचनांत एकदा जरी शून्य आला तरी शून्य धरा, आणि तो बदल वेगळ्या फाइलमध्ये करून टिपून ठेवा. कच्च्या फाइलला हात लावू नका.

फाइल खरी आहे का, याची झटपट परीक्षा: ४०९६ बाइटच्या फाइलमध्ये शून्यापासून मोजून ४०९२ आणि ४०९३ या जागी प्रोग्राम कुठून सुरू होतो तो पत्ता असतो. तिथे बहुधा ०० आणि एफ० दिसतं. त्याऐवजी एफएफ-एफएफ आलं तर शंका घ्या. मग स्टेला एम्युलेटरमध्ये (संगणकावर अटारी २६०० ची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवा. चित्र थिजलेलं दिसलं की घाबरू नका, एफ२ म्हणजे रीसेट दाबा. ८ केबीच्या फाइलला पडदा काळा आला तर बँक (कन्सोलला एका वेळी दिसणारा ४ केबीचा भाग) बदलण्याची पद्धत हाताने ‘एफ८’ निवडा; हे पद्धतीचं नाव, कळ नव्हे. दोन चिपांचा बोर्ड असेल तर अर्ध्यांचा क्रम उलटा करून बघा. आवाज नाही, गुण वाढत नाहीत, भूत भिंतीतून आरपार जातं (भूतच ते!), हे वाचनाचे दोष समजू नका, गेम अर्धवटच आहे. निवाडा हॅशवर करा.

खऱ्या कन्सोलवर बघायचं असेल तर मूळ चिप नको, फ्लॅश कार्ट्रिजमध्ये (हव्या त्या गेमची फाइल भरता येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये) फाइल टाका. अमेरिकन कन्सोलचा मूळ अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो; आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात लावलात तर तो जळेल, जाताजाता कन्सोललाही घेऊन जाईल. इथला ९ व्होल्ट डीसी, निदान ५०० मिलिअँपचा अडॅप्टर घ्या, ३.५ मिमीच्या पिनेचं टोक धन असलं पाहिजे, ते मल्टिमीटरने तपासा. चित्र एनटीएससी या अमेरिकन टीव्ही-पद्धतीचं, म्हणजे २६२ रेषांचं, असणार. फक्त ‘पाल’ (PAL) ही आपल्याकडची टीव्ही-पद्धत जाणणाऱ्या जुन्या टीव्हीवर ते रंगाविना येतं किंवा सरकत राहतं.

मूळ चिप खिडकी झाकून अँटिस्टॅटिक पिशवीत, मग पत्र्याच्या डब्यात, आणि तो डबा पश्चिमेच्या भिंतीला लागून नसलेल्या कपाटात.